काठोकाठ

सोमवार, ३ तारीख

नव्या गाड्या आल्या. पांढऱ्या, लांबलचक, आणि चालू आहेत की बंद हे बोर्डावरचा दिवा बघितल्याशिवाय कळत नाही. बारा वर्षं डेपोच्या डिझेल पंपावर काढली आणि आजपासून मी चार्जिंग विभागाची प्रमुख झाले. हातातला पाइप गेला आणि प्लग आला, एवढाच फरक, असं साहेब म्हणतात. साहेबांचं काय जातंय बोलायला.

कंपनीचा माणूस दिवसभर शिकवत होता. आधी त्यानं दादाला स्टिअरिंगवर बसवलं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, डेपोतला सगळ्यांत जुना ड्रायव्हर. गाडी वेगात असताना कंपनीचा माणूस म्हणाला, "आता फक्त पाय उचला. ब्रेक नको." दादानं पाय उचलला, तर कुणीतरी मागून सदरा धरून ओढावा तशी गाडी हळू झाली.

"मोटरच गाडीला मागं खेचते," तो म्हणाला. "आणि त्या खेचण्यातून वीज तयार होऊन परत बॅटरीत जाते."

"म्हणजे उतारावर गाडी फुकटात भरणार?"

"भरणार. ब्रेक अगदी थांबण्यापुरता."

दादा असा खूश झाला की त्यानं उगाचच आणखी दोन फेऱ्या मारल्या.

मला कंपनीच्या माणसानं बजावलं, "ऐंशी टक्क्यांना प्लग काढायचा. या डेपोत तर नक्कीच." का ते सांगायला लागला, तेवढ्यात साहेबांनी त्याला चहाला ओढून नेलं. त्यात कळायचं काय आहे म्हणा. माझ्या मोबाइलवरही तीच सूचना येते, बॅटरीचं आयुष्य वाढतं म्हणून.

खरं लिहिते, मला भीती वाटते. डिझेल दिसायचं, त्याचा वास यायचा, टाकीत काठी बुडवून बघता यायचं. वीज दिसत नाही. नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि माणसांना पाठवून द्यायचं.

बुधवार, ५ तारीख

आमचा डेपो डोंगराच्या माथ्यावर आणि शहर पायथ्याशी. बाकीच्या गाड्या आधी माथ्यावरच्या वस्त्यांमधून फिरतात आणि मग उतरतात. पहिली गाडी मात्र फाटकातून निघाली की थेट उताराला लागते, ती खालच्या पुलापर्यंत. ती गाडी दादाची. त्याच्या मागच्याच सीटवर वहिनी, ती खालच्या दवाखान्यात नर्स आहे. घरातली दोन्ही माणसं एकाच गाडीत बसून रोज माझ्या डोळ्यांदेखत खाली जातात, आणि दादाचा "पोचलो" हा मेसेज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून मी दोघांच्या पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरते, मोबाइल चार्ज करून ठेवते, डब्यात एका माणसाचं जास्तीचं घालते. दादा मला काळजीवाहू सरकार म्हणतो. आज फाटकातून ओरडला, "सरकारनं आज दोरी आणि शिडी दिली नाही गं!" सगळा डेपो हसला.

खाली पोचल्यावर मेसेज आला: पोचलो. अख्ख्या उतारात ब्रेकला पाय लावला नाही. लोणी आहे लोणी.

शुक्रवार, ७ तारीख

व्हायचं तेच झालं. दुपारची एक गाडी चढावर बंद पडली. दादाची नव्हती. खाली रस्ता तुंबला होता, एसी लावून गाडी तिथंच उभी राहिली, आणि परत चढताना आकडा घसरत घसरत शेवटच्या वळणाच्या आधी संपला. माणसं उन्हात चालत वर आली. एक आजोबा काठी टेकत आले. एक पोटुशी बाई डेपोच्या बाकावर बसली, माझ्या हातातलं पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "भरून पाठवायला काय होतं हो तुम्हाला?"

त्या जागी दादाची गाडी असती तर?

शनिवार, ८ तारीख

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, तेव्हाच ओळखलं.

"मॅडम, पुन्हा एक गाडी बंद पडली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"कंपनीनं ऐंशीलाच काढायला सांगितलंय, साहेब."

"कंपनी येणार आहे का इथं शिव्या खायला? भरा की पूर्ण."

मला तेच हवं होतं. पंपावर असताना मी कधी कुणाला अर्ध्या टाकीवर पाठवलं नाही. रिकामी जागा मला बघवत नाही. घरी पाण्याची टाकी वाहायला लागल्याशिवाय मी नळ बंद करत नाही, त्यावरून वहिनी रोज कुरकुरते. आजपासून सगळ्या गाड्या शंभरला शंभर. आज जरा जीव भांड्यात पडला.

मंगळवार, ११ तारीख

दादाचा मेसेज उशिरा आला. आणि नुसता "पोचलो", लोणी वगैरे काही नाही.

दुपारी जेवताना म्हणाला, "सकाळी गाडी ऐकत नाही गं."

"म्हणजे?"

"पाय उचलतो, पण ती खेचत नाही. तशीच सुटते खाली. दुपारच्या फेरीला बरोबर ऐकते."

"झोप नीट झाली नसेल."

"माझी की गाडीची?" तो म्हणाला, पण हसला नाही. दादा चेष्टा करून हसला नाही असं मी पहिल्यांदा बघितलं. ताटात अर्धं अन्न टाकून उठला.

गुरुवार, १३ तारीख

पहिल्या गाडीला जळका वास येतो. मिस्त्रीनं चाकं खोलली, तर ब्रेक झिजलेले. एवढ्या नव्या गाडीचे! नवे बसवून झाल्यावर मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, बोलू नये, पण ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहून चालवतोय. घाबरतोय माणूस."

दादा आणि घाबरतोय? दाट धुकं असताना डिझेलचा खटारा याच उतारावरून गाणं म्हणत नेणारा दादा?

सकाळी निघताना बोर्डावर एक पिवळा दिवा लागतो, असंही दादा म्हणाला. दुपारपर्यंत विझतो. मिस्त्रीच्या मते नव्या गाड्यांत दिवे लागतातच. मी कंपनीच्या माणसाला फोन केला. तो दुसऱ्या कुठल्या तरी डेपोत आहे, घाईत होता, पुढच्या आठवड्यात येऊन बघतो म्हणाला. त्याला मी दिव्याचं सांगितलं, शंभरचं नाही सांगितलं. उगाच परत ऐंशीवर आणायला लावेल आणि मग बंद पडलेल्या गाडीला उत्तर मी द्यायचं.

शनिवार, १५ तारीख

आज स्वयंपाकघरात गेले तर दादा खुर्चीवर बसून उजवा पाय भिंतीवर दाबत होता. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. मला बघून म्हणाला, पाय अवघडलाय. पायातली ताकद गेली असेल का? गाडी खेचत नाही असं वाटतं, आणि खरं म्हणजे त्याचा पायच उचलला जात नसेल तर?

वहिनीला त्याचं ब्लडप्रेशर बघायला लावलं. ठीक. आग्रह करून डॉक्टरांकडे नेलं. नसा ठीक, हृदय ठीक, डोळे ठीक. डॉक्टर म्हणाले, तुमचीच तपासणी करून घ्या, तुम्हीच जास्त घामाघूम झालाय.

शरीर ठीक आहे म्हणजे मनच खचलंय. त्याची मला जास्त भीती वाटते. म्हटलं, "दादा, सपाटीवरची फेरी मागून घे."

"आणि उतारावर कोण जाईल? कालची पोरं?"

वहिनीही थकलेली दिसते. पहिल्या गाडीनं जाते आणि पार संध्याकाळ करून येते, पाय सुजलेले. विचारलं तर म्हणते माणसं कमी आहेत, ड्यूटी लांबते. घरात कुणी कुणाला धड काही सांगत नाही.

मंगळवार, १८ तारीख

आज जे बघितलं ते कुणाला सांगायची सोय नाही.

कडाक्याची थंडी. मी दादाच्या गाडीचा प्लग काढला, आकडा शंभर, आणि समाधानानं बाजूला झाले. तर दादानं गाडी चालू करून डेपोच्या आवारात गोल गोल फिरवायला सुरुवात केली. जोरात पळवायची आणि ब्रेक मारायचा. आत एसी पूर्ण. सगळे दिवे लावलेले. पावसाचा थेंब नाही आणि वायपर चालू! बसलेली माणसं स्वेटरात कुडकुडत होती. एक जण ओरडला, "ड्रायव्हरसाहेब, आम्हाला ताजं ठेवून विकायचं आहे का?"

मी धावत जाऊन दारात उभी राहिले. "दादा, हे काय चाललंय?"

"आकडा थोडा उतरला की ती ऐकायला लागते."

"अरे, मी भरून देते आणि तू सांडून नेतोस?"

"कारण मला नको विचारू. कालपासून करतोय आणि थोडं जमतंय, एवढं खरं."

मागच्या सीटवर वहिनी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. भीतीनं माणसं भ्रमिष्ट होतात असं ऐकलं होतं. ते आपल्याच घरात येईल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, १९ तारीख

साहेबांच्या कानावर घालावं तर ते दादाला गाडीवरून उतरवतील, आणि तो अपमान त्याला सोसणार नाही. न घालावं तर एक दिवस सगळं सांडून गेलेली ती गाडी चढावर थांबणार, आणि तिच्यात तो असणार.

मी माझ्यापुरता मार्ग काढला. दादा त्याच्या वेड्या फेऱ्या मारून झाल्यावर गाडी उभी करून चहाला जातो. तेवढ्यात मी प्लग परत लावला. वेळ तो किती लागतोय. तो कप ठेवून येईपर्यंत आकडा पुन्हा शंभर आणि मी माझ्या जागेवर. निघायच्या घाईत त्यानं आकडा परत बघितला नाही, त्याला कळलंसुद्धा नाही. त्याच्या भीतीला त्याच्या फेऱ्या, माझ्या भीतीला माझा प्लग.

दुपारी दादा आला तो पांढराफटक. "आज काहीच ऐकलं नाही तिनं," एवढंच म्हणाला.

मनात म्हटलं, बघ, म्हणजे तुझ्या त्या फेऱ्यांचा काही उपयोग नव्हता. तोंडानं बोलले नाही. बिचाऱ्याला अजून कशाला दुखवायचं.

शुक्रवार, २१ तारीख

सगळे जिवंत आहेत. दादा जिवंत आहे. वहिनी जिवंत आहे. आज एवढंच.

शनिवार, २२ तारीख

आता लिहिते.

काल आठवडी बाजाराचा दिवस, गाडी खचाखच भरलेली, उभं राहायला जागा नाही. दादानं फेऱ्या मारल्या, चहाला गेला, मी प्लग लावला. निघताना त्यानं नेहमीसारखा हात केला नाही. मेसेजची वाट बघत बसले. मेसेजऐवजी फोन आला, अनोळखी आवाजाचा.

मधल्या वळणानंतर ब्रेकमधून धूर यायला लागला आणि मग ब्रेकच लागेनात. दादानं गाडी डोंगराच्या बाजूला दाबली आणि मातीच्या कड्याला घासत घासत नेली, पूल यायच्या आधी थांबेपर्यंत. दारं, आरसे, अख्खी एक बाजू सोलून निघाली. माणसांना खरचटलं, एकाचा हात मोडला. वहिनीच्या कपाळाला टाके पडले. दादाचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, ब्रेकवरच होता तो.

आज कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन थेट दवाखान्यातच आला. साहेबही होते. दादा प्लास्टर घालून पडलेला, वहिनी त्याच्या उशाशी.

"निघताना बॅटरी किती होती?" त्यानं विचारलं.

"शंभर," मी म्हणाले. ताठ मानेनं म्हणाले.

त्यानं लॅपटॉपवरचे हात उचलले. "शंभर? रोज?"

"रोज. पहिल्या शनिवारपासून."

"अहो, मग मोटर गाडीला खेचणार कशी? खेचून तयार झालेली वीज जाणार कुठं? बॅटरीत जागाच नाही! म्हणून तर ऐंशी सांगितलं होतं. तुमची पहिली गाडी थेट उताराला लागते, तिला तेवढी रिकामी जागा पाहिजेच. तो पिवळा दिवा त्याचाच."

एसी, दिवे, वायपर, आवारातल्या फेऱ्या. कारण माहीत नसताना दादा रोज थोडी जागा करत होता. आणि तो चहाला गेला की मी ती बुजवत होते.

कंपनीचा माणूस स्क्रीनकडे बघून म्हणाला, "बुधवारपासून निघायच्या आधी पुन्हा एकदा प्लग लागलेला दिसतोय. तो कुणी लावला?"

मी तोंड उघडलं. साहेब माझ्याकडे बघत होते.

"मी लावला," दादा म्हणाला.

"तुम्ही? ड्रायव्हरनं प्लगला हात लावायचा नाही, माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत आहे. पण भीती वाटायची, वर येताना बंद पडेल म्हणून. मीच लावला."

माझी भीती, माझे शब्द, सगळं त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतलं, छताकडे बघत. साहेब म्हणाले, निलंबन होईल, चौकशी लागेल. दादा म्हणाला, लागू दे. आणि मी गप्प उभी राहिले. वहिनी माझ्याकडे बघत होती, तरी गप्प राहिले. एवढी भित्री आहे मी.

सोमवार, २४ तारीख

आज केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं. प्लग मी लावला, दादानं नाही. टेबल धरून बोलले.

साहेबांनी हातातलं पेन फिरवलं. मग म्हणाले, "पूर्ण भरा असं मी बोललो होतो, ते तेवढं मध्ये आणू नका." त्यांचाही चेहरा उतरला होता. मी म्हटलं, विचारलं तर सांगावंच लागेल. चौकशी होईपर्यंत माझं प्रमुखपद काढून घेतलंय. प्लग लावायचं काम मात्र मीच करायचं, दुसऱ्या कुणाला ते येत नाही. दादाचं निलंबन थांबलं.

दवाखान्यात जाऊन दादाला सांगितलं तर तो भडकलाच. "तुला गप्प बसायला काय झालं होतं? माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तुझी अजून कितीतरी बाकी आहेत."

"तुला कधी कळलं, मी लावते ते?"

"तिथंच कळलं, त्यानं स्क्रीन बघून सांगितलं तेव्हा. दुसरं कोण एवढं भरभरून देणार? तुझं तोंड बघितलं नाहीस तू."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "सरकार, रडून माझ्या प्लास्टरवर सांडू नकोस."

गुरुवार, २७ तारीख

आज दादाला घरी आणलं. निघताना वॉर्डातल्या नर्सनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "तुमच्या वहिनीला आता तरी घरी झोपू द्या जरा. ड्यूटी आहे दुपारची, आणि ही बाई गेले दोन आठवडे सकाळी उजाडता उजाडता येऊन या पायऱ्यांवर बसून राहते."

मला काही समजेना. घरी आल्यावर वहिनीला विचारलं. ती दादाच्या पायाखाली उशी सारत होती.

"हो, बदलून मिळाली होती दुपारची," ती म्हणाली. "ह्यांना सांगितलं नव्हतं."

"मग पहिल्या गाडीनं कशाला जायचीस? गाडी ऐकत नाही हे माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं की. मागून ह्यांची मान दिसते मला. उतार लागला की थंडीतसुद्धा कॉलर भिजायची."

"मग मरायची हौस आली होती का?"

"मरायची कसली? मी मागं बसले की हे सावकाश चालवतात, म्हणून बसायचे."

दादानं हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. वहिनीनं उशी नीट केली आणि चहा ठेवायला आत गेली. घरातली तिन्ही माणसं रोज तो उतार उतरत होती आणि मी समजत होते की घाबरणारी मी एकटीच.

शुक्रवार, २८ तारीख

आज पहिली गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. आकडा ऐंशीवर आला तसा मी प्लग काढला. वरची रिकामी जागा बघवेना, माझा हात परत प्लगकडे गेला. मग तो हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तशीच उभी राहिले.